एकच टेकडी, सहा ऋतू: हौशी निसर्ग छायाचित्रणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षं मी आठवड्यातून दोनदा तरी पुण्याच्या वेताळ टेकडीवर जाते. खांद्याला कॅमेरा असतो. सकाळी फिरायला येणारी माणसं थांबून काहीबाही विचारतात, मग ओळख होते, आणि पुढच्या खेपेला त्यांच्यातलंच कुणीतरी गवताच्या पात्यासमोर फोन घेऊन उकिडवं बसलेलं दिसतं. त्या गप्पांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. छायाचित्रण हा माझा व्यवसाय नाही, त्यामुळे उत्तरं हौशी माणसाला उपयोगी पडतील अशीच आहेत.

सुरुवातीला कोणता कॅमेरा घेऊ?

सध्या कोणताच नको. हातातल्या फोनवर एक अख्खं वर्ष काढा, म्हणजे आपला जीव कशात रमतो ते कळेल. फुलं, किडे, शेवाळ, झाडाची साल, ढग यांना फोन पुरतो. काही शे रुपयांत चिमट्यासारखं लावायचं मॅक्रो भिंग मिळतं. ते लावून मुंगीच्या मिशा दिसायला लागल्या की पुढचे चार महिने दुसरं काही सुचत नाही.

पक्ष्यांत जीव अडकला तर मात्र फोन कमी पडतो. दूरचा पक्षी जवळ दिसावा म्हणून निदान ३०० मिलिमीटरची लेन्स लागते. ती घेताना नवीनच हवी असा हट्ट धरू नका. चांगली वापरलेली लेन्स बघा, पण खरेदीआधी ती उजेडासमोर धरून आत बुरशीचे धागे नाहीत ना, हे नक्की तपासा.

फोटो काढायला कुठे जाऊ? कास, ताडोबा, भरतपूर?

आधी घराजवळची एक जागा ठरवा आणि वर्षभर तिथेच जा. टेकडी, तळं, ओढा, नाहीतर कॉलनीतलं एखादं जुनं झाड, काहीही चालेल. मला या छंदातून जे काही मिळालं, ते याच सवयीतून मिळालं, म्हणून हे उत्तर मी सगळ्यात आग्रहाने देते.

वेताळ टेकडीच्या एका उतारावर एक सालईचं झाड आहे. पहिल्या वर्षी मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. एका डिसेंबरात सूर्य त्याच्या मागून आला आणि खोडावरचे सालीचे कागदासारखे पापुद्रे आतून दिवा लावल्यासारखे पेटले. तेव्हापासून दर महिन्याला एकाच दगडावर उभं राहून मी त्याचा फोटो काढते. थंडीत पानं गळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये उघड्या फांद्यांवर बारीक पांढरट फुलं येतात, ती लांबून दिसतसुद्धा नाहीत. पावसाच्या तोंडावर पालवी फुटते. जखम झाली असेल तिथे डिंक पाझरतो आणि वाळल्यावर त्यालाही धुपासारखा वास येतो. वास काही फोटोत उतरत नाही, पण तो डिंकाचा थेंब उन्हात मधासारखा दिसतो आणि तो फोटो माझ्याकडे आहे. एखाद्या नव्या ठिकाणी एका दिवसासाठी गेले असते, तर हे झाड ओलांडून मी पुढे निघून गेले असते.

वर्षातला सगळ्यात चांगला काळ कोणता?

मी पावसाळा म्हणेन अशी सगळ्यांची अपेक्षा असते. माझं उत्तर आहे, दोन ऋतूंच्या सांध्यावरचे आठवडे. फेब्रुवारीची अखेर, मेची अखेर, ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. या दिवसांत सहली निघत नाहीत, कारण ‘आता काय बघायचं तिथे’ असं वाटतं.

फेब्रुवारीच्या अखेरीचंच बघा. गवत वाळलेलं, झाडं ओकीबोकी. नेमका तेव्हाच गणेर फुलतो. अंगावर एक पान नाही आणि फांद्यांच्या टोकांना मोठमोठी पिवळीधमक फुलं. काही जण त्याला सोनसावर म्हणतात. पळस, पांगारा, काटेसावरही याच सुमाराला पानं गाळून फुलतात आणि पानांचा आडोसा नसल्यामुळे फुलावर आलेला पाहुणा स्वच्छ दिसतो. काटेसावरीवर साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, खारी अशी सगळी मंडळी मधासाठी येतात. झाडापासून पंधरा-वीस पावलांवर गप्प बसा. दहा मिनिटांत त्यांना तुमची सवय होते.

पहिली दोन वर्षं मी फक्त वर बघत होते. मग एकदा गणेराचं गळून पडलेलं ताजं फूल काळ्या कातळावर दिसलं. त्याच्या पाकळीची सावली कातळाच्या भेगेत वाकून उतरली होती आणि भेगेतून मुंग्यांची रांग वर येत होती. त्या दिवसापासून फुललेल्या झाडाखालची जमीन आधी बघते.

घाटाकडे जाणार असाल तर याच दिवसांत कुसुमाची पालवी बघा. दुरून झाड फुललंय असंच वाटतं, इतकी ती लाल असते. पिंपळाची नवी पानं तांबूस, तकतकीत. कोवळ्या पानात हरितद्रव्य भरेपर्यंत हा लाल रंग त्याला उन्हापासून जपतो असं मानतात. ही पानं उन्हाकडे तोंड करून, म्हणजे उजेड पानातून आपल्याकडे येईल अशा बेताने टिपा. प्रत्येक शीर दिसेल.

एप्रिल-मेमध्ये सगळं करपलेलं असतं. तेव्हा काय टिपायचं?

बहावा आणि ताम्हण. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल आहे, हे बऱ्याच जणांना ते फुललेलं बघूनही ठाऊक नसतं. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर ते भर उन्हात जांभळं होऊन उभं असतं. पाकळ्या चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या असतात, त्यामुळे दुपारच्या कडक उजेडापेक्षा सकाळी आठच्या आतला उजेड त्यांना मानवतो.

शिवाय उन्हाळ्यात पाणी कमी होतं, म्हणून उरलेल्या पाण्यावर पक्षी येतात. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत स्वर्गीय नर्तक बघायला मिळतो तो असाच. पांढऱ्या नराच्या लांबलचक शेपटीच्या फिती पाण्यावर सुळकी मारताना वळतात. त्या धूसर येऊ नयेत म्हणून शटर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारा पडदा, १/१००० सेकंदाहून वेगवान ठेवा. पाण्याला अगदी खेटून बसू नका. तहानलेला पक्षी तुमच्यामुळे परत फिरला, तर तो फोटो फार महाग पडला.

काजव्यांचे फोटो कसे काढतात? फोनवर येतात का?

मेच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत झाडंच्या झाडं लुकलुकतात. अलीकडच्या फोनांचा रात्रीचा मोड आणि छोटा ट्रायपॉड एवढ्यावर थोडंफार जमतं. कॅमेरा असेल तर तो ट्रायपॉडवर घट्ट बसवून १५ ते ३० सेकंदांचे अनेक फोटो घ्यायचे आणि नंतर एकावर एक चढवायचे. प्रकाशाची नदी वाहतेय असे जे फोटो आपण बघतो, ते असे कितीतरी मिनिटांचा उजेड एकत्र करून बनतात. दाखवताना तसं सांगावं, म्हणजे पहिल्यांदा जाणारा माणूस हिरमुसत नाही.

टॉर्च, फ्लॅश, गाडीचे दिवे पूर्ण बंद. काजव्याचं लुकलुकणं ही जोडीदाराला घातलेली साद असते, आपला उजेड पडला की ती साद ऐकूच जात नाही. एका वर्षी मी घाटात पोचले तेव्हा गाड्यांच्या दिव्यांनी अख्खी वाट उजळली होती आणि रस्त्यालगतची झाडं विझल्यासारखी काळी होती. आत अर्धा तास अंधारात चालत गेल्यावर काजवे भेटले. तेव्हापासून शनिवार-रविवार टाळते.

पहिल्या पावसात नक्की काय शोधायचं?

मृगाचा किडा. जूनच्या सुरुवातीचे एक-दोन पाऊस झाले की ओल्या मातीवर लालभडक मखमलीचे थेंब चालायला लागतात. हा खरं म्हणजे कीटक नाही, आठ पायांचा कोळ्याच्या कुळातला जीव आहे. वर्षातले थोडेच दिवस जमिनीवर दिसतो.

तीन वर्षांपूर्वी मी टेकडीवर पोटावर आडवी पडून एकाचा फोटो काढत होते. फिरायला आलेल्या एक आजी थांबल्या. “काय गं, काय सांडलं?” म्हणाल्या. मी बोट दाखवलं, तशी काठी टेकत त्या वाकल्या. “अगं बाई, मृगाचा किडा! आम्ही काड्यापेटीत घालून शाळेत न्यायचो.” कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांना तो मोठा करून दाखवला, तेव्हा त्याच्या पाठीवरची लव, त्या लवेवर अडकलेले मातीचे दोन कण आणि पाठीवरच्या खळ्या त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. सत्तर वर्षांत इतक्या जवळून पाहिला नव्हता म्हणाल्या.

याचा फोटो काढताना एक अडचण हमखास येते. लाल रंग इतका गडद की फोनवर नुसता लाल डाग दिसतो, मखमल हरवते. फोकससाठी पडद्यावर बोट टेकवलं की बहुतेक फोनांत उजेड कमी-जास्त करायची खूण येते, ती खाली ओढा. फोटो काळपट वाटेल, पण लव शाबूत राहील. पळस, पांगारा, गुलमोहर यांनाही हीच युक्ती.

पावसाळ्यात कॅमेरा कसा सांभाळू?

भिजण्यापेक्षा दमटपणा जास्त घातक. माझी पहिली चांगली लेन्स मी अख्खा पावसाळा कपाटात, सुती कापडात गुंडाळून ठेवली होती. दिवाळीला काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. साफ करून घेतली, तरी एक डाग कायमचा राहिला. आता घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि वीस-तीस रुपयांची नव्हे, जरा बरी आर्द्रता मोजणारी चकती, एवढी व्यवस्था आहे. काटा साठाच्या बराच वर गेला की पुड्या बदलते. लेन्स वापरात ठेवणं, अधूनमधून तिला ऊन-वारा दाखवणं हेही तितकंच गरजेचं. बाहेर जाताना शॉवर कॅप आणि जुना पंचा. बस.

आमच्याकडे टेकडी नाही. मुंबईत सातव्या मजल्यावर राहतो. आम्ही काय करायचं?

कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू लावा. बहुरूपी नावाचं फुलपाखरू या झाडांवर अंडी घालतं. निलवंतही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं. त्याला महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिला आणि असा मान देणारं आपलं पहिलं राज्य. बहुरूपीची लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून खाणारा तिला टाळतो आणि आपणही पान झटकून टाकतो. झटकू नका. मोठी होताना तीच अळी पोपटी होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. ते बघायला मुद्दाम डिवचू मात्र नका. कोश गडद होऊन आतले पंख दिसायला लागले की त्या सकाळी लवकर उठा. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा पंख ओल्या रुमालासारखे चुरगळलेले असतात आणि तुमच्या चहाचे दोन कप होईपर्यंत ते ताठ होतात. हे सगळं सातव्या मजल्यावर घडतं. आमटीला पानं थोडी कमी पडतील, तेवढं सोसा.

मुंबई-ठाण्याला खाडीही आहेच. ठाणे खाडीतले रोहित पक्षी भरती-ओहोटीच्या वेळा बघून गेलात तर छान दिसतात.

कास पठाराला जावं की नाही? फार गर्दी असते म्हणतात.

जावं, पण बुकिंग करून, आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि वाट न सोडता. कास २०१२ पासून पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांपैकी एक आहे. तिथे कातळावर मातीचा अगदी पातळ थर आहे, त्या थरावर ही सगळी दौलत उभी असते. एक पाऊल चुकीचं पडलं तर ती माती दबते.

लोक सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी गालिचा टिपतात, तो टिपावाच. त्यानंतर वाटेच्या कडेला बसून ‘सीतेची आसवं’ शोधा. करंगळीच्या नखाएवढं निळं-जांभळं फूल. इतकं नाजूक दिसणारं हे झाड किडे खातं. ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या असतात, पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवी त्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत आत ओढते. हे ठाऊक झाल्यावर मी काढलेले फोटो बदलले. आधी फक्त फूल असायचं, आता त्याच्या पायाशी चमकणारा पाण्याचा पातळ पापुद्राही चौकटीत येतो.

कारवीबद्दलही विचारतात. ती साधारण सात वर्षांनी फुलते, एका भागातली बहुतेक सगळी एकदम, आणि बी धरून वाळून जाते. फुलण्याचं वर्ष चुकलं तर वाईट वाटून घेऊ नका. मधल्या वर्षांत तिच्या खरखरीत पानांवर पहाटेचं दव फार सुंदर दिसतं.

थंडीत उठवत नाही. खरंच पहाटे जायला हवं का?

हवं. दव उन्हाने तासाभरात उडतं. नोव्हेंबर-डिसेंबरात कुसळी गवत पिकलेलं असतं, उगवतीकडे तोंड करून बसलात तर अख्खा उतार तांब्याच्या तारांचा दिसतो. त्याच गवताची कुसळं आपल्या मोज्यांत घुसतात आणि आपण वैतागतो. घरी आल्यावर एक कुसळ मोज्यातून काढून बशीत ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. पिळलेली शेपटी हळूहळू उलगडत गोल फिरायला लागते. रानात ती अशीच दवाने भिजते, उन्हाने वाळते आणि फिरत फिरत बी जमिनीत रुजवते. मी याचा व्हिडिओ काढला आहे. भाचीला तो इतका आवडला की तिने माझे सगळे मोजे तपासले.

कोळ्यांची जाळीही याच दिवसांत बघावीत. दवाने जड झालेलं जाळं काळोख्या पार्श्वभूमीवर घ्या, म्हणजे मागे झुडपाची सावली येईल असं आपणच सरका.

पक्ष्यांसाठी पुणेकरांना कवडीपाट आणि भिगवण आहे. भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित येतात, पट्टकदंबही येतात. हे हंस हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतात. नावाड्याला ‘जरा उडवा ना थवा’ असं सांगणारे लोक मी पाहिले आहेत, फार त्रास होतो ते बघून. इतका प्रवास करून पोट भरायला टेकलेल्या जिवाला एका फोटोसाठी उठवायचं नाही.

घरट्यातल्या पिल्लांचे फोटो काढले तर चालतील?

नाही. आपण घरट्यापाशी घुटमळलो की आई-बाप दूर राहतात, पिल्लं उपाशी राहतात, आणि आपला माग काढत कावळे तिथे पोचतात. फांदी वाकवणं, पानं तोडून ‘व्ह्यू मोकळा करणं’ तर मुळीच नाही. अंडी-घरट्यांची नासधूस हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हाही आहे.

सुगरणीचे खोपे विहिरीवरच्या बाभळीला लटकलेले असतात, ते पलीकडच्या काठावरून लांब लेन्सने घेता येतात. पावसाळ्यात नर अर्धवट विणलेल्या खोप्याला लोंबकळून पंख फडफडवत मादीला बोलावतो. तेवढं दुरून पोटभर बघा.

टिपलेल्या फुलाचं, किड्याचं नाव कसं शोधू?

एका फोटोवर नाव कळत नाही. फुलाबरोबर पान, पानाची मागची बाजू, देठ, साल, आणि शेजारी बोट किंवा नाणं ठेवून आकार, असे चार-पाच फोटो घ्या. फुलपाखराचे पंख मिटलेले आणि उघडलेले, दोन्ही. हळदीकुंकू फुलपाखरू वरून नुसतं पांढरं, काळ्या रेघांचं दिसतं. पंखांच्या खालच्या बाजूला हळदीचा पिवळा आणि कडेला कुंकवाचे ठिपके असतात. नाव कुठून आलं ते खालून बघितल्यावरच कळतं.

आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाकले तर जाणकार ओळख पटवून देतात. गावाकडच्या माणसांनाही विचारा. अॅप जे लॅटिन नाव देतं, त्यापेक्षा मावशीबाईंनी सांगितलेलं ‘ही भाजी होते, पण पहिल्या पावसानंतरच खुडायची’ मला जास्त दिवस लक्षात राहतं.

फोटोबरोबर ठिकाण लिहावं का?

साध्या फुलांचं लिहा. ऑर्किड, घुबड, घरटं यांचं लिहू नका, तालुक्यापर्यंत पुरे. फोनमधली लोकेशनची नोंदही काढून टाका, बऱ्याचदा ती फोटोला चिकटून जाते.

एडिटिंग किती करावं?

तुम्ही तिथे उभे असताना जे दिसलं तिथपर्यंत. रंग वाढवायचा हात आवरा.

इतके फोटो साठतात, त्यांचं पुढे काय करायचं?

दर महिन्याला बसून पाच ठेवा, बाकीचे काढून टाका. त्या पाचांच्या खाली तारीख आणि एक ओळ लिहा. ‘गणेराचं पहिलं फूल’, ‘चातक ऐकला’, ‘खाणीतलं पाणी आटलं’. मी ही नोंद साध्या शंभर पानी वहीत करते. दिवाळीत सालईच्या झाडाचे बारा महिन्यांचे बारा फोटो साध्या कागदावर छापून घेते आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरशेजारी ओळीने लावते. या वर्षीच्या ओळीत मार्चच्या फोटोत फांदीवर एक तांबट बसलाय. काढताना तो दिसला नव्हता, छापून आल्यावर दिसला.